दुसरं गिऱ्हाईक

(मालवण येथील हिवाळी व्याख्यानमालेतील एक पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



बाहेर फळ्यावर आजचा विषय ‘व्हिडिओ गेम आणि आपली मुले’ असा लिहिलाय. खडूनं लिहिलाय, पुसता येईल. (हशा) संयोजक दुकानात आले तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, मुलांवरचे परिणाम वगैरे डॉक्टरांना विचारा. माझं दुकान टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं. माझ्याकडे यंत्र येतं, मूल येत नाही. आणि आलंच तर यंत्र उघडून होईपर्यंत स्टुलावर बसून माझा जीव खातं. तेव्हा मी यंत्राबद्दल बोलणार. जगातल्या एका अतिश्रीमंत कंपनीनं व्हिडिओ गेमचं मशीन काढलं, चांगल्या बनावटीचं काढलं, जाहिरातीवर पैसा ओतला, आणि तरी ते समोरच्या दुकानदारापुढे खपत नाही. का? मशीनचं नाव एक्सबॉक्स, कंपनी मायक्रोसॉफ्ट. समोरचा दुकानदार सोनी, त्याचं प्लेस्टेशन. तिसरं घर निन्टेंडोचं, पण त्यांची चूल वेगळी. त्यांच्याकडे वेळ उरला तर जाऊ.

मागून कोणीतरी ‘उरणार नाही’ म्हणालं. बरोबर. तुम्ही ओळखता मला.

पूर्वपीठिका सांगत बसत नाही. अटारी, १९८३ साली अमेरिकेत बसलेला सगळा धंदा, निन्टेंडोनं तो पुन्हा उभा केला, मग सेगा, मग १९९४ च्या डिसेंबरात जपानात सोनी उतरली, हे आपल्याला माहीत आहेच. पहिल्या रांगेतले सर मान हलवताहेत, म्हणजे माहीत आहे. किंवा डुलकी लागतेय. दोन्ही चालेल.

माझं एक मत आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागतं, आज तुमची पाळी. कोणतंही यंत्र पहिल्या गिऱ्हाइकाच्या जोरावर खपत नाही, दुसऱ्याच्या जोरावर खपतं. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आपल्यामागून ते वापरणारा. आपण काढलं तर घेणारा, आपली सीडी उसनी नेणारा आणि त्याची आपल्याला देणारा, बिघडलं तर कोणाकडे टाकायचं ते सांगणारा. हा माणूस कंपनीच्या वहीत कुठेच नसतो. त्यानं कंपनीला छदाम दिलेला नसतो. पण तो दिसल्याशिवाय पहिलं गिऱ्हाईक खिशात हात घालत नाही. आपल्या दांडी किनाऱ्यावरचा मच्छीमार होडीला इंजिन घ्यायला निघाला की हॉर्सपॉवर मागाहून विचारतो. आधी विचारतो, ‘ह्यां बिघडलां तर कोण बघतलो? पार्ट हयसर गावतत काय? आणि उद्या इकूचां झालां तर कोण घेतलो?’ या तीन प्रश्नांना उत्तर नसलेलं इंजिन फुकट दिलं तरी तो नेणार नाही. फुकट दिलं तर नेईल म्हणा. (हशा)

आता एक्सबॉक्स. २००१ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी तो जगाला दाखवला, तेव्हा शेजारी ‘द रॉक’ नावाचा पैलवान उभा केला होता. नोव्हेंबरात अमेरिकेत विक्री सुरू झाली. मशीन ताकदीचं होतं, पोटात हार्ड डिस्क होती, इंटरनेटची वायर जोडायची सोय होती. पण प्लेस्टेशन टू तिथं वर्षभर आधीच येऊन बसलं होतं, आणि त्याच्यावर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालत होत्या. हे नीट लक्षात घ्या. कोट्यवधी घरांत पडलेल्या जुन्या डिस्क नव्या मशीनला जन्मतःच आंदण मिळाल्या. शिवाय त्याच्यावर डीव्हीडी लागायची, म्हणजे बापालाही कारण मिळालं. शेवटचा हिशेब काय झाला? प्लेस्टेशन टू १५ कोटींहून जास्त. पहिला एक्सबॉक्स साधारण २ कोटी ४० लाख. पैलवान कुठल्या कुठे!

पुढची फेरी मात्र बरोबरीत गेली, आणि ती का गेली हे माझं मत न मानणाऱ्यांनी मला समजावून द्यावं. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आला, प्लेस्टेशन थ्री वर्षभर उशिरा. त्याचं वरचं मॉडेल ५९९ डॉलरचं. आणि सोनीनं खर्च वाचवायला पुढच्या मॉडेलांतून प्लेस्टेशन टूच्या डिस्क चालवायची सोयच काढून टाकली. म्हणजे स्वतःचं दुसरं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं घराबाहेर काढलं. तिकडे अमेरिकेतल्या पोरांच्या मित्रांकडे ३६० होता, त्याच्यावर इंटरनेटवरून एकत्र खेळता येत होतं, म्हणून पोरं तिकडे गेली. तोपर्यंत ३६० वर लाल दिव्यांचं ग्रहण लागलेलं. मशीन तापून बंद पडायचं, बटणाभोवती तीन लाल दिवे लागायचे. २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टला हमीची मुदत तीन वर्षं करावी लागली आणि त्यापोटी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. एवढं होऊनसुद्धा ३६० साडेआठ कोटींच्या घरात गेला. प्लेस्टेशन थ्री त्याच्या किंचित पुढे. म्हणजे बघा, मशीन बिघडतं म्हणून लोक सोडत नाहीत. मी सांगतो, बिघडण्यानं कोणी सोडत नाही, माझं पोट त्याच्यावरच चाललंय.

भारतात ३६० आला २००६ च्या सप्टेंबरात. जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग. युवराजच्या नावाचा क्रिकेटचा गेमसुद्धा निघाला. पुढच्याच सप्टेंबरात युवराजनं डर्बनला स्टुअर्ट ब्रॉडला एका षटकात सहा षटकार मारले. एक्सबॉक्सचा एकही सीमेपार गेला नाही. (हशा) कारण काय, तर तेव्हा आपल्या पोरांना जो क्रिकेटचा गेम हवा होता तो ईए कंपनीचा ‘क्रिकेट ०७’. तो निघाला कॉम्प्युटरवर आणि प्लेस्टेशन टूवर. ३६० वर नाही. नवं कोरं, महागडं, ताकदवान मशीन, आणि शेजारच्या पोराकडची सीडी त्याच्यात चालत नाही! मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, हाजी अलीच्या हिरा पन्नात जा, तिथं प्लेस्टेशन टूच्या सीड्यांची चळत. खऱ्या किती आणि कॉपी किती ते विचारू नका, अध्यक्ष निवृत्त अधिकारी आहेत.

आणि मुंबईत जे चालतं ते आपल्याकडे येतं. कसं येतं? एसटीच्या टपावर. आपल्या जिल्ह्यात या मशीनची शोरूम नव्हती. आपली शोरूम म्हणजे चाकरमानी. गणपतीला कोकणकन्येनं कुडाळला उतरायचं, तिथून एसटीनं मालवण, आणि बॅगेत मखराचं सामान, अगरबत्त्या, पोराचं जुनं झालेलं काहीतरी. तसं लालबागहून एक प्लेस्टेशन टू देवबागला आलं. त्याची गोष्ट सांगतो, दोन मिनिटांत होईल.

चाकरमान्याच्या मुलानं आणलं होतं. गणपतीचे पाच दिवस करमायचं कसं, म्हणून. घरात एकच टीव्ही, माजघरात, आणि बाप्पा बसलेले पलीकडच्या खोलीत. पहिल्या दिवशी वाडीतली पोरं दाराशी, दुसऱ्या दिवशी खिडकीत, तिसऱ्या दिवशी आरतीला घरातले म्हातारे तेवढे उरले. आजीनं टाळ वाजवून वाजवून हाक मारली, माजघरातून आवाज आला, ‘आजी, एक ओव्हर रवली!’ चौथ्या रात्री भजन. बुवा मोठे नामांकित, डबलबारीत समोरच्याला रडवणारे. चहाला म्हणून माजघरात आले आणि रिमोट हातात घेऊन बसले. व्हिडिओ गेमच्या त्या वस्तूला आम्ही रिमोटच म्हणतो, कंपनी काय म्हणते ते कंपनीला माहीत. बुवा पहिल्या चेंडूवर बाद. दुसऱ्या डावात पहिल्या चेंडूवर बाद. तिकडे पखवाजवाला ठेका धरून बसलाय, झांजा थांबल्यात, यजमान आत बाहेर करतोय, आणि बुवा म्हणताहेत, ‘ह्यो बॉलर माका ओळखता, मुद्दाम यॉर्कर टाकता!’ (हशा) शेवटी यजमानानं मीटरचा मेन स्विच बंद केला. गजराला पहाट झाली.

हं, तर पाचव्या दिवशी विसर्जन झालं, आणि चाकरमानी निघाले. पोरगा मशीन न्यायला बघतोय. काकानं सांगितलं, ठेव इथंच, तुला बाप दुसरं घेईल. ठेवलं. दोन वर्षं ते देवबागला. मग काकाच्या मुलाची दहावी आली, काकानं ते उचलून आचऱ्याला बहिणीकडे टाकलं. बहिणीच्या घरी मुलगा होताच. तो पुढं गोव्याला हॉटेलात लागला, जाताना तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्याला विकून गेला. स्कुबाला आलेल्या पर्यटकांची पोरं पावसात अडकली की त्यांना खेळायला. तिथून लेन्स धुरकटली म्हणून माझ्याकडे आलं. उघडलं तर आत बोर्डावर माझ्याच हाताचं सोल्डर! देवबागला असताना एकदा भरतीचं पाणी माजघरात शिरलं होतं तेव्हाचं. खाऱ्या हवेनं सगळे स्क्रू खाल्लेले, पण मशीन चालू. आणि प्रत्येक खेपेला त्याच्याबरोबर सीड्यांचा एक पत्र्याचा डबा फिरला, बिस्किटांचा. डबा वाढत गेला. देवबागला क्रिकेट आणि कुस्ती होती, आचऱ्याला ‘व्हाइस सिटी’ नावाच्या गेमची आली, तारकर्लीला पर्यटकांनी विसरलेल्या दोन.

सोनीला पैसे किती वेळा मिळाले? एकदा, तेही मुंबईत. बाकीची घरं सोनीच्या लेखी शून्य. पण पुढं या घरांत पैसा आला, तेव्हा नवं मशीन कोणतं आलं? मी स्वतः जोडून दिलंय, प्लेस्टेशनच. लालबागला प्लेस्टेशन, आचऱ्याला प्लेस्टेशन. बुवांनी मात्र घेतलं नाही. बुवा आता मोबाईलवर खेळतात.

दोन मिनिटांची दहा झाली का? अध्यक्ष घड्याळ बघताहेत. घड्याळ माझ्याच दुकानातलं आहे, ते पुढं जातं.

मोबाईल म्हटल्यावर पुढच्या रांगेतून बोट वर झालंय. ‘आता मशीन घेतं कोण, सगळी पोरं मोबाईलवर!’ मान्य. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि भारतात गेम म्हणजे मोबाईल असं झालं. मोबाईल हा या सगळ्यांचा बाप आहे. पण बापापुढे तिघंही भाऊ हरले, तरी भावाभावांत एकालाच का मार बसतो, हा माझा प्रश्न. त्याला मोबाईलचं उत्तर चालत नाही.

आपल्याकडचं एक जुनं उदाहरण देतो, म्हणजे मी फक्त एका कंपनीच्या मागे लागलोय असं वाटायला नको. १९९५ साल. सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह मशीन भारतात आणलं कोणी, माहीत आहे? शॉ वॉलेसनं. (हशा) बघा, नाव काढल्याबरोबर मागच्या चार रांगा जाग्या झाल्या. होय, तीच शॉ वॉलेस, बिअरवाली. आयात जकात ८० टक्के होती, ती टाळण्यासाठी सेगानं या कंपनीशी करार केला. तरी किंमत १८,००० रुपये. १९९५ चे अठरा हजार! आणि तेव्हा आपल्या पोरांच्या हातात काय होतं? निन्टेंडोची नक्कल केलेली ‘मीडिया’ आणि ‘लिटल मास्टर’ची मशीनं, त्यात ‘नव्व्याण्णव हजार गेम’ लिहिलेली कॅसेट. प्रत्यक्षात मारिओ, काँट्रा आणि तेच तेच उलटसुलट करून. पण ती कॅसेट अख्ख्या वाडीची होती. सकाळी मेढ्यात, संध्याकाळी धुरीवाड्यात. मेगा ड्राइव्हची कॅसेट उसनी द्यायची तर ज्याला द्यायची त्याच्याकडे अठरा हजारांचं मशीन हवं. असा माणूस अख्ख्या तालुक्यात कोण? गिऱ्हाईक पहिलंच मिळायची मारामार, दुसरं कुठून आणणार?

तेच सेगा, तीच मशीनं, ब्राझीलमध्ये बघा. तिथंही जकातीचा डोंगर. पण टेकटॉय नावाच्या खेळण्यांच्या कंपनीनं तिथंच कारखान्यात जोडणी सुरू केली, तिथल्या पोरांना ठाऊक असलेली चित्रकथेतली मोनिका नावाची मुलगी गेममध्ये घातली, आणि सेगानं २००१ साली जगभर मशीनं बनवणं बंद केल्यावरही ब्राझीलमध्ये ती विकली जात राहिली. मास्टर सिस्टिमसारखं म्हातारं मशीन २०१६ पर्यंत तिथं ८० लाखांवर गेलं. म्हणजे जपानात आणि अमेरिकेत हरलेलं मशीन एका देशात जिंकलं. कारण तिथं त्याला भाऊबंद मिळाले.

सेगाच्या हरण्याचंही एक सांगायला हवं, छोटं आहे. मे १९९५, लॉस एंजेलिसचा व्हिडिओ गेमचा मोठा मेळा. सेगानं जाहीर केलं, आमचं सॅटर्न आजपासूनच दुकानात, ३९९ डॉलर. मोजक्याच दुकानांना माल दिला होता, बाकीचे दुकानदार इतके चिडले की एका साखळीनं सेगाचा माल ठेवणंच सोडलं. त्याच दिवशी सोनीचा माणूस व्यासपीठावर आला, फक्त ‘२९९’ एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. माझ्या मते जगातलं सर्वांत यशस्वी व्याख्यान. (हशा, टाळ्या) टाळ्या त्यांच्यासाठी की मी आवरावं म्हणून?

आता मुख्य मुद्द्याला येतो. चिठ्ठी आलेली आहे, मी वाचलेली नाही.

मे २०१३. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन दाखवला. मशीन चोवीस तासांत एकदा इंटरनेटला जोडायलाच हवं, नाहीतर गेम चालणार नाही. विकत घेतलेली डिस्क मित्राला द्यायची तर एकदाच देता येईल, आणि तो मित्र तुमच्या यादीत किमान ३० दिवस असला पाहिजे. म्हणजे काल मैत्री झाली असेल तर चालायचं नाही! अहो, पैसे मी मोजलेले, डिस्क माझ्या कपाटात, आणि मी ती कोणाला द्यायची ते अमेरिकेतला सर्व्हर ठरवणार. जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या त्याच मेळ्यात सोनीनं सांगितलं, आमच्या डिस्क विका, उसन्या द्या, जन्मभर ठेवा, आणि किंमत ३९९ डॉलर. एक्सबॉक्स ४९९, कारण त्याच्याबरोबर हात हलवून खेळायचा कॅमेरा गळ्यात मारलेला. प्रेक्षक उठून ओरडत होते. सोनीनं एक व्हिडिओही काढला, अर्ध्या मिनिटाहून लहान. गेम मित्राला कसा द्यावा हे शिकवणारा, आणि त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी देतो. संपला. नऊ दिवसांत मायक्रोसॉफ्टनं ते नियम मागे घेतले. पण मन फिरलं ते फिरलं.

तिकडच्या लोकांनी तेव्हा विचारलं होतं, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं? त्यांना पाणबुडीतल्या सैनिकांची काळजी होती. मला आपली आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. वीज किती दिवस नव्हती ते तुम्ही मला सांगा, मी सांगायची गरज नाही. मोबाईलचे टॉवर गेले होते. जनरेटर लावून कोणी टीव्ही चालू केला असता, तर डिस्कवाल्या मशीनवर मुलं खेळली असती. चोवीस तासांत हजेरी मागणारं मशीन त्या आठवड्यात काय कामाचं?

भारतात प्लेस्टेशन फोर जानेवारी २०१४ मध्ये आला, एक्सबॉक्स वन सप्टेंबरात, आणि तोही सुरुवातीला फक्त अॅमेझॉनवर. पार्सल मालवणात येतं हो, पण पार्सलवाल्याला ‘बिघडलां तर कोण बघतलो’ हे विचारता येत नाही. पार्सलवाला सही घेतो आणि जातो. निकाल: प्लेस्टेशन फोर ११ कोटी ७० लाख. एक्सबॉक्स वन किती? मायक्रोसॉफ्टनं २०१५ पासून आकडे सांगणंच बंद केलं. दुकानदार गल्ला मोजायचं कधी थांबवतो, हे बाजारपेठेतल्या मंडळींना विचारा. २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा आयोगापुढे, बघा, पुन्हा ब्राझील, त्यांनीच लिहून दिलं की सोनीनं आमच्या दुपटीहून जास्त विकले.

एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर २०२३ मध्ये उघड म्हणाले की जी फेरी हरायला नको होती नेमकी तीच आम्ही हरलो, कारण त्या फेरीत लोकांनी आपापले गेम डाउनलोड करून जमवले. आता ते गेम सोडून कोण येणार? इथं माझं मत आणि त्यांचं मत जुळतं. ते एवढ्या मोठ्या पगारावर तिथं पोचले, मी दुकानात बसून.

मागे उभा आहे तो मुलगा बराच वेळ हात वर करून आहे. बोल. ... मंडळी, ऐकू गेलं का? तो म्हणतो, काका, तुमचं सगळं उलटं आहे, कारण आजच्या एक्सबॉक्स सीरिज एक्समध्ये पहिल्या एक्सबॉक्सपासूनच्या डिस्क चालतात, प्लेस्टेशन फाइव्हमध्ये फक्त प्लेस्टेशन फोरच्या. मग जुन्याला जपणारं मशीन हरतं कसं?

मुद्दा अडचणीचा आहे, मी हसून टाळणार नाही. खरं आहे ते, निदान ज्या गेमची त्यांनी सोय केलीय त्यांच्यापुरतं. पण बाबा, त्या डिस्क आहेत कोणाकडे? तुझ्या वर्गात? देवबागला? सोय आहे, पण सोय भोगणारा नाही. जुनं गिऱ्हाईक जपायचं तर आधी ते असावं लागतं. आणि जे मशीन आपल्यासारख्यांना परवडावं म्हणून काढलं, २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आलेलं सीरिज एस, त्याला डिस्क घालायला फटच नाही! म्हणजे श्रीमंताला उसनवारीची सोय, गरिबाला नाही. इथं नवा गेम काही हजारांना मिळतो. ती रक्कम वसूल कशी होते? खेळून झाला की विकून. फट नसलेल्या मशीनमध्ये ते पैसे कायमचे गेले. नाही, थांब, मला पूर्ण करू दे. गेम पासबद्दल तू बोलशील ते मला माहीत आहे. २०१७ पासून महिन्याची वर्गणी भरा आणि शेकडो गेम खेळा. कल्पना उत्तम, आपल्या वाचनालयाचीच. पण वाचनालयातून पुस्तक घेऊन आलेलं पोरगं शेजारणीला ते वाचायला देतं. इथं वर्गणी थांबली की कपाट रिकामं.

तो पटल्यासारखा दिसत नाही. नसू दे. दुकानात ये, चहा पाजतो.

चिठ्ठी दुसरी आली. आता भराभर. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्सची नवी जोडी भारतात आली, प्लेस्टेशन फाइव्ह आलं २ फेब्रुवारी २०२१ ला. जवळजवळ तीन महिने मैदान मोकळं होतं. वरच्या मशीनची किंमत तेव्हा दोघांची सारखी होती, ४९,९९०. आणि लोकांनी काय केलं? थांबले. आगाऊ नोंदणी उघडली तेव्हा प्लेस्टेशन काही मिनिटांत संपलं. मोकळ्या मैदानात धाव न घेता माणूस थांबतो, कारण त्याला आपल्या माणसांबरोबर जायचं असतं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये अॅक्टिव्हिजन कंपनी जवळपास ६९ अब्ज डॉलरला घेतली. आणि आता ते आपले गेम प्लेस्टेशनवर विकताहेत, ऑगस्ट २०२५ मध्ये ‘गिअर्स ऑफ वॉर’सुद्धा गेला. २०२४ मध्ये त्यांनी जाहिरात केली की तुमचा फोनही एक्सबॉक्स, टीव्हीही एक्सबॉक्स, लॅपटॉपही एक्सबॉक्स. सगळंच एक्सबॉक्स असेल तर एक्सबॉक्स घ्यायचा कशाला, हा प्रश्न मला पडला, त्यांनाही पडला असेल.

निन्टेंडो राहिलंच. एका वाक्यात: वी नावाचं मशीन १० कोटींवर खपलं, पुढचं वी यू दीड कोटीपर्यंतही पोचलं नाही, कारण अर्ध्या लोकांना ते जुन्याच मशीनचा सुटा भाग वाटलं, आणि मग स्विचनं सगळी भरपाई केली. त्या स्विचवर ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या मंडळींचा ‘राजी’ नावाचा गेम सर्वांत आधी आला. दुर्गा, विष्णू, राजस्थानी हवेल्या, आपलं सगळं. आणि स्विच अधिकृतपणे भारतात विकायला आलेलाच नव्हता! पुण्यात शिजलेलं पुणेकरांना दोन महिने थांबून, ऑक्टोबरात इतर मशीनवर मिळालं. यावर खरं तर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, पुढच्या वर्षी बोलवा.

‘नको’ कोण म्हणालं?

तिसरी चिठ्ठी. ही मात्र वेळ संपल्याची नाही, अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, नातवाला वाढदिवसाला कोणतं घेऊ? सर, जाहीर सभेत सल्ला फुकट देतो. नातवाला घेऊन वाडीत एक फेरी मारा आणि कोणाच्या घरी काय आहे ते बघा. जे तीन घरांत असेल ते घ्या, डिस्कची फट असलेलं घ्या, जुनं मिळालं तर जुनं घ्या, लेन्स मी बघून देतो. आणि एक्सबॉक्सच घ्यायचा असा नातवानं हट्ट धरला असेल, तर दोन घ्या. एक त्याला, एक शेजाऱ्यांच्या पोराला.